वायल्डरांचा हेळवी

भाचा इंग्लंडात रेडिंगला असतो. कॉम्प्युटरवाला आहे. रविवार आला की बायको-पोरीला घेऊन गावाबाहेर चालायला जातो आणि दिसेल त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो. मेंढ्या, कुंपणं, पावसात भिजलेला बाक. आम्ही अंगठे दाखवून मोकळे होतो. गेल्या पावसाळ्यात मात्र एक फोटो आला आणि मी अडकलो. शेताच्या वरच्या अंगाला, टेकाडावर, एकटाच उभा असलेला विटांचा बुरूज. आजूबाजूला गढी नाही, तट नाही. खाली भाच्यानं लिहिलं होतं : ‘मामा, ह्याला वायल्डर्स फॉली म्हणतात. वायल्डर नावाच्या पाद्र्यानं बांधलाय म्हणे. आपल्या चर्चवाले वायल्डर हेच काय हो?’

‘आपलं चर्च’ म्हणायला आम्ही काही ख्रिस्ती नव्हे. पण न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च कोल्हापुरात सगळ्यांचंच आहे, रंकाळा जसा सगळ्यांचा. नाताळात लहानपणी आम्ही तिथली रोषणाई बघायला जायचो. भाच्यालाही मीच नेलं होतं, खांद्यावर बसवून. वायल्डर म्हणजे कोण, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. मला ते चर्चचंच नाव वाटायचं, म्हसोबा वाटावा तसं.

मी उत्तर टाकलं, ‘बघून सांगतो.’ त्याला आता सहा महिने झाले.

आधी बुरुजाचं सांगतो. रेडिंगच्या पश्चिमेला चार-पाच मैलांवर सलम नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथले वायल्डर हे जमीनदार घराणं. त्यातल्या हेन्री वायल्डर या पाद्र्यानं १७६८च्या सुमारास हा बुरूज उठवला. जोन थॉइट्स नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडला होता. ती जवळच्याच सलमस्टेडची. दोघांनाही आपापल्या घरातून दिसेल अशी जागा बघून त्यानं बुरूज बांधला, असं तिथले लोक सांगतात. पुढे दोघांचं लग्न झालं, आणि बुरुजात कबुतरं राहायला आली. फॉली म्हणजे खुळेपणा. हौसेपोटी बांधलेल्या बिनकामाच्या इमारतीला इंग्लंडात हाच शब्द आहे. आमच्याकडे कोणी पाद्री असला उद्योग करता, तर गावानं ‘खुळा बुरूज’ असंच नाव ठेवलं असतं.

पाद्री आणि जमीनदार एकाच घरात कसे, हा प्रश्न मला पडला. उत्तर शोधताना आपल्याकडची जोशी-कुलकर्ण्यांची वतनं आठवत राहिली. इंग्लंडात गावच्या चर्चला पाद्री नेमण्याचा हक्क ही मालमत्ता असे. शेतासारखी ती विकत घेता येई, विकता येई, वारसाला देता येई. ज्याच्याकडे हक्क तो आपल्याच धाकट्या मुलाला नाहीतर पुतण्याला नेमी. थोरला जमीन बघायचा, धाकटा चर्च. कधी दोन्ही एकाच्याच पदरात पडायचं. सलमच्या वायल्डरांचं तसंच झालं. पिढ्यानपिढ्या गावचा मालक वायल्डर, पाद्रीही वायल्डर. एकोणिसाव्या शतकातला जॉन वायल्डर सलमचा पाद्री होता आणि ईटनच्या प्रसिद्ध शाळेचा उपप्रमुखही. गावचं जुनं चर्च त्यानंच १८३०च्या दशकात नव्यानं बांधून घेतलं. १८९२ साली गेला तेव्हा नव्वदी ओलांडलेली होती. कुणाला नमस्कार करायला जावं तर तोच देवळाचा पुजारी, तोच गावचा पाटील आणि तोच हेडमास्तर, अशी ही व्यवस्था.

म्हणूनच इंग्लंडात वंशावळ शोधणाऱ्याला पूर्वजात एखादा पाद्री सापडला की आनंद होतो. शेतमजुराचा माग दोन पिढ्यांत हरवतो. पाद्र्याचा हरवत नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या छापील याद्यांत त्याचं नाव असतं, बापाचं असतं, बापाचा हुद्दा असतो. १८५८पासून तर सगळ्या पाद्र्यांची नेमणुकांसकट डिरेक्टरीच निघते, क्रॉकफर्ड नावाची. शिवाय गावची नोंदवही त्याच्याच हातची. १५३८ साली आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या टॉमस क्रॉमवेलनं हुकूम काढला की प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. तेव्हापासून गावातल्या प्रत्येकाचं येणं-जाणं पाद्र्याच्या वहीत उतरू लागलं. दुसऱ्यांची वंशावळ लिहिता लिहिता त्यानं आपलीही पक्की करून ठेवली.

यात एक गंमत आहे. वही १५३८ची, पण पाद्र्याचा स्वतःचा संसार त्या वहीत उजळ माथ्यानं यायला आणखी ११ वर्षं लागली. तोवर पाद्र्याला लग्नाची मुभाच नव्हती. १५४९ साली कायदा झाला तेव्हा इंग्लंडातल्या पाद्र्याचं लग्न अधिकृत झालं. १५५३ साली मेरी राणी आली आणि तिनं तो कायदा पुन्हा मोडला. ज्यांनी मधल्या चार वर्षांत लग्न केलं त्यांची अवस्था काय झाली असेल, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. संन्याशाची पोरं म्हणजे काय, हे आपण आळंदीपासून ऐकत आलोय. विठ्ठलपंतांची चार लेकरं शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. इंग्लंडात तेच काम पार्लमेंटनं केलं, आणि मग पुढच्या तीन शतकांत पाद्र्यांच्या घरांतून जेन ऑस्टिन आली, ब्राँटे बहिणी आल्या, टेनिसन आला, नेल्सन आला.

हे झालं इंग्लंडातल्या वायल्डरांचं. कोल्हापूरचे वायल्डर मात्र अमेरिकेतून आले होते. भाच्याला हे कळवलं तर त्याचा चेहरा पडेल, असं वाटून मी आणखी खणायला गेलो आणि एक पुस्तक हाती लागलं. ‘बुक ऑफ द वायल्डर्स’. न्यूयॉर्क, १८७८. लिहिणारे मोझेस वायल्डर, तेही पाद्रीच. १४९७ सालच्या इंग्लंडपासून १८७५ पर्यंतच्या वायल्डरांची वंशावळ, म्हणजे पावणेचारशे वर्षं एका बाडात. आता ते फोनवर फुकट वाचता येतं. रात्री झोप येत नसली तर उत्तम पुस्तक आहे. अमक्याचा मुलगा अमुक, त्याची मुलं तमुक, पानंच्या पानं.

मोझेस सांगतात, की १४८५च्या बॉसवर्थच्या लढाईत निकोलस वायल्डर नावाचा शिपाईगडी सातव्या हेन्रीच्या बाजूनं लढला आणि १४९७ साली राजानं खूश होऊन त्याला जमीन आणि चिन्ह दिलं. तोच मूळपुरुष. त्याचेच वंशज सलमला राहिले, आणि त्यातली एक शाखा मार्था नावाची विधवा घेऊन अमेरिकेला गेली. साल १६३८. अमेरिकेतले बहुतेक वायल्डर आजही आपलं मूळ या मार्थाबाईंपर्यंत नेतात.

इथपर्यंत वाचलं आणि मला हसू आलं. सगळं ओळखीचं होतं. आमच्याकडच्या कुठल्या सरदार घराण्याची कैफियत उघडून बघा. लढाई, राजाची मर्जी, इनाम, शिक्का आणि मग वंश. मूळपुरुष कधी नांगरामागं चालताना सापडत नाही. तो घोड्यावरच सापडतो. भोसल्यांचं मूळ मेवाडच्या सिसोदियांपर्यंत नेऊन १६७४ला गागाभट्टांनी राज्याभिषेक केला, तेव्हा त्या वंशावळीवर सिंहासन उभं होतं. मोझेसना सिंहासन नको होतं. पण अमेरिकेत त्या काळात नव्यानं येणाऱ्या आयरिश-जर्मन लोकांची रीघ लागलेली, आणि ‘आम्ही इथले जुने, आणि मूळचे इंग्लंडातले खानदानी’ हे सांगायला एक बाड असलेलं बरं, असं अनेक घरांना वाटत होतं. त्या काळात अशी पुस्तकं तिथं ढिगानं निघाली.

मोझेसनी सलम आणि मार्था यांच्यात घातलेला टाका मात्र कच्चा आहे. कागद बोलतो तो एवढाच : १६३८च्या वसंतात साउदॅम्प्टनहून ‘कॉन्फिडन्स’ नावाचं जहाज निघालं. त्याच्या यादीत ऑक्सफर्डशायरमधल्या शिपलेकची मार्था वायल्डर आहे आणि तिची मुलगी मेरी. बॉसवर्थ नाही, चिन्ह नाही. मार्थाच्या नावापुढे जो इंग्रजी शब्द आहे त्याचा आजचा अर्थ ‘बिनलग्नाची बाई’ आणि मूळ अर्थ ‘सूत कातणारी’. लेक बरोबर आहे आणि पुढे हा शब्द. मोझेसनी तिला विधवा म्हणून टाकलं. शिपलेक आणि सलम या दोन गावांत अंतर म्हणाल तर कोल्हापूर आणि कागलएवढंसुद्धा नाही. आडनाव तेच, मुलूख तोच. म्हणजे भाऊबंद असतीलही. पण ‘असतील’ला वंशावळीत रेघ ओढता येत नाही.

मी भाच्याला कळवलं : ‘भावकी असावी. वाटणी झालेली.’ त्याला तेवढं पुरलं.

आमच्या मूळ गावी, कागलच्या पलीकडे, दर दोन-तीन वर्षांनी सुगीनंतर हेळवी यायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हेळवी म्हणजे कोल्हापूर-सांगली-बेळगावच्या टापूत घराघरांची वंशावळ राखणारा माणूस. कन्नडमध्ये त्या शब्दाचा अर्थ लंगडा. त्यांच्या मूळपुरुषाला चालता येत नव्हतं, म्हणून त्याला बैल मिळाला, आणि तेव्हापासून हेळवी बैलावर बसूनच दारात येतो, अशी कथा. आमच्या दारात यायचा तो बैल पांढरा होता. गळ्यात हातभर घंटा. ती वाजली की आजी हातातलं टाकून उठायची, बैलाच्या पायावर तांब्याभर पाणी घालायची, कपाळाला कुंकू लावायची आणि मग घोंगडं अंथरायची. हेळवी खाली उतरायचा तो दोन पायांवर धडधाकट. मला त्याचं फार नवल वाटे. मी एकदा विचारलंही, ‘तुम्ही लंगडे कुठं आहात?’ आजीनं माझा कान धरला. हेळवी हसून म्हणाला, ‘आमचा म्हातारा हुता की लंगडा. आम्ही त्येचं बसतो.’

तांबड्या फडक्यात बांधलेली वही सोडून तो वाचायला लागायचा. कन्नड हेल काढून, एका सुरात. कुठल्या गावाहून मूळपुरुष निघाला, कुठं थांबला, किती भाऊ होते, कोण निपुत्रिक गेला, कोण दत्तक आला, कोणी भांडून दुसऱ्या गावी घर केलं. आजोबा मान हलवत ऐकायचे. मधेच म्हणायचे, ‘त्यो नव्हं, त्येचा धाकला.’ हेळवी वही वर करून दाखवायचा. वही जिंकायची. मग नव्या पोरांची नावं घालायची. माझं नाव घातलं तेव्हा मी समोर होतो. बहिणीनं विचारलं, ‘माझं?’ तो म्हणाला, ‘तुझं तुझ्या दाल्ल्याच्या घरात.’ मग पायलीभर जोंधळा, धोतर-मुंडासं, वर रोख काही. एखाद्या वर्षी खोंड. तो गेला की आजोबा दोन दिवस जरा ताठ चालायचे.

पंढरपूरला बडव्यांच्या, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या बाडांत आपली नावं असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिथं आपण जातो. हेळवी आपल्याकडे येतो. म्हणून तो भावकीच्या भांडणातही साक्षीला चालायचा. आमचे एक वकील काका म्हणायचे, ‘ज्या घरात वाटण्या नाहीत त्या घरात वंशावळ नाही.’ तो विनोद आहे असं मला तेव्हा वाटे. कोल्हापूरच्या इतिहासाकडे पाहिलं की तो विनोद राहत नाही. १८९९च्या कार्तिकात पंचगंगेच्या घाटावर शाहू महाराजांना कळलं, की भटजी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हणतोय. कारण काय, तर महाराज क्षत्रिय नव्हेत! पुढची अनेक वर्षं या गावात मूळ कोण आणि कुळ काय यावरून जे पेटलं, त्यात राजोपाध्यांचं वतन गेलं, केसरीचे अग्रलेख झडले आणि शेवटी १९२०ला महाराजांनी क्षात्रजगद्गुरूचं नवं पीठच उभं केलं. घाटावर मंत्र कोणते म्हणायचे, एवढ्यावरून.

आणि आताचं? २०२३पासून कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं आणि तालुक्याच्या गावी मोडी वाचणाऱ्याला डॉक्टरपेक्षा मान आला. वंशावळ जोडा, खापरपणजोबाची नोंद जोडा, नात्याचा पुरावा जोडा. ज्या पोरांनी हेळव्याला ‘बैलवाला’ म्हणून हाकललं होतं, तीच पोरं आता गावोगाव फिरून त्याचा नंबर मागतात. मीही एका कचेरीत माझा अर्ज घेऊन तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी मला माझ्याच पणजोबाचा नातू ठरवून पाठवलं. दुरुस्तीला पुन्हा अर्ज आहे.

तर, आता कोल्हापूरच्या वायल्डरांकडे येऊ. या घराला कोणी हेळवी नव्हता, म्हणून हे काम माझ्यावर पडलं असं समजा.

रॉयल गूल्ड वायल्डर. जन्म १८१६, अमेरिकेतल्या व्हरमाँटमधलं ब्रिडपोर्ट गाव. मिडलबरी कॉलेजातून १८३९ला पदवी, मग अँडोव्हरला धर्मशास्त्र. १८४६ला बायको एलायझा हिला घेऊन हिंदुस्थानात. आधी अहमदनगर, तिथल्या शाळा बघायचं काम. १८५२ला कोल्हापूर. महालक्ष्मीचं क्षेत्र, छत्रपतींची गादी, असं हे गाव. पाद्रीबाबांचं स्वागत कोणी हळदी-कुंकवानं केलं नसणार.

त्यांचं खरं भांडण मात्र गावाशी झालं नाही. ते झालं त्यांच्याच बोस्टनच्या वरिष्ठांशी. मिशनचे कारभारी रुफस अँडरसन यांचं म्हणणं, पाद्र्यानं उपदेश करावा, शाळा हे त्याचं काम नव्हे, इंग्रजी शाळा तर नकोच. वायल्डर शाळावाले. १८५४-५५ला बोस्टनहून पाहणीला माणसं आली आणि शाळांना कात्री लागली. वायल्डर आजारी होऊन अमेरिकेला परतले, तिथं बोर्डाशी उघड भांडले, मिशनच्या शाळांवर १८६१ साली एक जाड पुस्तक लिहून काढलं, आणि त्याच वर्षी बोर्डाला रामराम ठोकून स्वतःच्या हिमतीवर कोल्हापूरला परत आले. पगार नाही, पाठबळ नाही. दहाएक वर्षं असं काढलं. मग १८७०च्या सुमारास प्रेस्बिटेरियन मिशननं त्यांना पदरात घेतलं. कोल्हापुरी माणसाला हा स्वभाव लगेच पटेल. वरिष्ठाशी पटलं नाही, गेला, आणि परत येऊन त्याच जागेवर आपलं दुकान मांडलं.

अमेरिकेतल्या एका चरित्रकोशात त्यांच्या कामाचा हिशेब दिलाय. तीन हजार गावांत उपदेश, तीस लाख पानांचं वाटप, शाळांत ३,३०० मुलं, त्यांपैकी ३०० मुली. पाद्र्यांना मोजण्याची भारी हौस. पानंसुद्धा मोजून ठेवली! मला त्यातला शेवटचा आकडा थांबवतो. त्या काळात, या मुलखात, ३०० मुली. त्यांची नावं कुठल्याच हेळव्याच्या वहीत नसणार, माहेरच्या नाही आणि सासरच्याही नाही.

त्यांची मुलगी ग्रेस १८६१ची. धाकटा रॉबर्ट २ ऑगस्ट १८६३ला कोल्हापुरातच जन्मला. तो बारा वर्षांचा असताना, १८७५ला, वडिलांची तब्येत पार ढासळली आणि घरानं कोल्हापूर सोडलं. प्रिन्स्टनला बिऱ्हाड थाटलं. म्हातारा स्वस्थ बसणारा नव्हता. १८७८ला त्यानं ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचं मासिक काढलं आणि जगभरच्या मिशनांचे हिशेब चव्हाट्यावर मांडायला सुरुवात केली. म्हणजे ज्या वर्षी मोझेसनी न्यूयॉर्कात वायल्डरांच्या चारशे वर्षांची बेरीज छापली, त्याच वर्षी रॉयल दुसऱ्यांच्या वह्या तपासत होते.

घरी कॉलेजची मुलं जमायची, रॉबर्टचे सोबती. १८८६च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनला मूडी या प्रसिद्ध उपदेशकाचं विद्यार्थी-शिबिर भरलं. रॉबर्ट तिथं गेला आणि शिबिर संपेतो शंभर तरुणांनी परदेशी मिशनवर जाण्याची तयारी लिहून दिली. त्यात जॉन मॉट होता, ज्याला पुढे १९४६चं शांततेचं नोबेल मिळालं. नंतरच्या वर्षी रॉबर्टनं जॉन फॉर्मनबरोबर अमेरिका-कॅनडातली दीडशेच्या वर कॉलेजं पालथी घातली. हा फॉर्मन लाहोरच्या कॉलेजवाल्या फॉर्मनांचा मुलगा. एक कोल्हापूरचा, एक लाहोरकडचा. त्यांच्या फेरीनंतर दोन हजारांवर नावं जमली आणि त्यातून विद्यार्थी स्वयंसेवकांची जी चळवळ उभी राहिली तिनं पुढच्या साठेक वर्षांत वीस हजारांहून जास्त माणसं जगभर धाडली. ज्यांच्या दारात ही माणसं गेली, त्यांना ती हवी होती का, हा वेगळा लेख आहे. माझं मत विचाराल तर शाळा आणि दवाखाने हवे होते, बाकीचं पानांच्या वाटपाइतकंच.

ग्रेसबद्दल कमी लिहिलं गेलंय. माउंट हॉल्योक या मुलींच्या कॉलेजातून ती १८८३ला शिकून बाहेर पडली. प्रिन्स्टनच्या घरात रॉबर्ट आणि त्याचे मित्र बैठक घेत, तेव्हा ती शेजारच्या खोलीत प्रार्थना करत असे, अशी नोंद आहे. बायकांनी बैठकीत बसायचं नाही, म्हणून शेजारची खोली. ऑक्टोबर १८८७मध्ये वडील गेले. कोल्हापूरला परत जायची त्यांची फार इच्छा होती. त्याच वर्षी एलायझा आणि ग्रेस या मायलेकी परत निघाल्या. भाषणं भाऊ देत फिरला. गावाला आली ती बहीण. कोल्हापूर, मग तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेल्या इस्लामपूरकडचा भाग. १९११ला तिचं आयुष्य संपलं. लग्न केलं नाही. वंशावळीच्या भाषेत, तिथं रेघ संपते.

रॉबर्टची रेघ चालते. १८९२ला त्यानं नॉर्वेच्या हेलेने ऑल्सनशी लग्न केलं, काही वर्षं पुण्यात कॉलेजच्या मुलांत काम केलं, मग अमेरिका, मग कैरो. २८ मार्च १९३८ला ओस्लोत तो वारला. त्याची मुलगी रूथ ब्रेस्टेड हिनं १९४१ला त्याचं चरित्र लिहिलं. कोल्हापुरात जन्मला आणि ओस्लोत विसावला. त्याच्या सातव्या वर्षी, १८७०च्या नोव्हेंबरात, कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना फ्लॉरेन्सला वारले. तिथं आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं आणि पुढे छत्री उभी राहिली. ती आखली चार्ल्स मँटनं, म्हणजे आपला नवा राजवाडा आखणाऱ्यानं. पोरगा रॉबर्टनं ती बातमी इथंच ऐकली असणार, गाव सुतकात असताना.

अशी पाद्री घराणी महाराष्ट्रात एक-दोन नव्हती. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये बॅलंटाइन, फेअरबँक, ह्यूम या तीन घरांनी आपसात ज्या सोयरिकी केल्या त्या बघितल्या तर देशस्थही तोंडात बोट घालतील. बॅलंटाइनांची मेरी फेअरबँकांना दिली, फेअरबँकांची केटी ह्यूमांच्या रॉबर्टला दिली. हा रॉबर्ट ह्यूम मुंबईत १८४७ला जन्मलेला, पाद्र्याचाच मुलगा. बोटीनं चार-पाच महिने लांब असलेल्या मुलखात स्थळं आणायची कुठून? जातीत, पोटजातीत आणि त्यातही ओळखीच्या घरात.

वायल्डर मेमोरियलच्या आसपास राहणारे माझे एक शिक्षक स्नेही आहेत. त्यांना हे सगळं सांगत बसलो तेव्हा ते आत गेले आणि काळ्या कातडी बांधणीचं बायबल घेऊन आले. पाठीचा धागा निसटलेला, कोपऱ्यांना शाळेच्या वह्यांचा खाकी कागद चिकटवलेला. पहिली दोन कोरी पानं उघडून त्यांनी माझ्यापुढे धरली. पानभर नावं. वरची बोरूनं, मोडीच्या वळणाची बाळबोध, मधली निळ्या शाईनं, खालची बॉलपेननं. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, ‘प्रभूकडे गेले’. एका नावापुढे जन्मतारीख नव्हती, ‘दुष्काळात’ एवढंच. आणि बायका होत्या. लेकी, सुना, लहानपणी गेलेली एक मुलगी, सगळ्या ओळीनं.

‘ह्याच्या वर काय?’ मी सगळ्यात वरच्या नावावर बोट ठेवून विचारलं.

‘वर काय नाही,’ ते म्हणाले. ‘बाप्तिस्म्यापासून आमची वंशावळ सुरू. हेळवी त्याआधी येत असणार, पण आम्ही चर्चला गेल्यावर तो दारावरनं पुढं गेला. गाव ठाऊक आहे, आडनाव तेच आहे. मधली माणसं नाहीत.’

मग बायबल उलटून त्यांनी मला नव्या कराराचं पहिलं पान दाखवलं. मत्तयाचं शुभवर्तमान थेट वंशावळीनंच सुरू होतं, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन हप्ते. ‘आणि हे बघा,’ म्हणून त्यांनी पौलाचं तीताला लिहिलेलं पत्र काढलं. तिथं पौल बजावतो की वंशावळींच्या वादात पडू नकोस, त्यात काही लाभ नाही. सर हसत होते. ‘दोन्ही एकाच पुस्तकात. आता तुम्ही ठरवा.’

लाभ नाही असं मात्र म्हणवत नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. महाराष्ट्रात अशांना इतर मागासवर्गात धरतात. त्यासाठी दाखवावं लागतं की बाप्तिस्म्याच्या आधी तुम्ही कोण होता. ज्या रेषेपासून घराचा इतिहास सुरू होतो, तिच्या पलीकडचं काही घेऊन या, असं कचेरी म्हणते. सरांच्या धाकट्या मुलाची फाइल अशीच कुठंशी पडून आहे. बायबलच्या पानाची झेरॉक्स त्यांनी जोडली होती. ‘ग्राह्य नाही’ असा शेरा आला.

ब्रिटिशांच्या राज्यात इथल्या गोऱ्यांचे जन्म-लग्न-दफन यांचे उतारे नियमानं लंडनला जायचे, मुंबई इलाख्याचे वेगळे. ते सगळे आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, घरबसल्या शोधता येतात. १९९८पासून या लोकांची एक संस्थाही आहे, फक्त हिंदुस्थानात राहून गेलेल्या घराण्यांचा शोध घेण्यासाठी. थडगी जपणारी आणखी एक आहे, १९७६ची. कुणा सार्जंटच्या तीन महिन्यांच्या बाळाचा ताप लंडनमध्ये नोंदलेला आहे. सरांच्या पणजोबांच्या आईचं नाव कुठंच नाही.

भाचा परवा फोनवर म्हणाला, त्याच्या लेकीला शाळेत घराचं झाड काढून आणायला सांगितलंय. तिनं माझ्या आजोबांपर्यंत काढलं आणि वरच्या फांदीला ‘?’ असं लिहिलं. मी म्हटलं, थांब, येऊ दे हेळव्याला.

तो या वर्षी आला. बैल नाही, मोटारसायकल. हँडलला मात्र तीच घंटा बांधलेली. जुन्या वहीच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या फायलीत, मूळ घरी. आजोबा-आजी नाहीत, काकांनी घोंगड्याऐवजी खुर्ची दिली. तोच सूर, तोच हेल. सातव्या पिढीपर्यंत मागं गेला. मी फोनवर सगळं रेकॉर्ड केलं, ग्रुपवर टाकलं. मग नवी नावं घालायची वेळ आली. मी म्हटलं, भाच्याची लेक आहे, तिचं घाला. भाच्याचं मूळ गाव वेगळं, त्यात मुलगी. म्हणजे दोन्ही बाजूंनी ती या वहीतली नव्हे.

‘असं नसतंय साहेब.’

‘मार्था वायल्डरपासून सगळे वायल्डर धरतात,’ मी म्हटलं.

‘कोण बाई त्या?’

मी सांगायला लागलो. जहाज, सूत कातणारी, बुरूज, पाद्री. त्यानं चहा संपेपर्यंत शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘त्येंचा हेळवी कुठल्या गावचा?’

दोनशे रुपये जादा ठरले. त्यानं फायलीच्या शेवटी एक कोरं पान घेतलं, वर आजोबांचं नाव घातलं, त्याखाली वडिलांचं, त्याखाली माझ्या बहिणीचं, त्याखाली भाच्याचं, आणि मग पेन थांबवून मला विचारलं, ‘रेडिंगला तालुका कुठला लिवायचा?’